गाडी अचानक पळू लागली तर: नव्या चालकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

ड्रायव्हिंग शिकवताना गाडी बंद पडली तर काय करायचं हे पहिल्याच दिवशी सांगतात. गाडी थांबेनाशी झाली तर काय करायचं, हे मात्र बहुतेकांना कोणी सांगतच नाही. इंजिनाचा आवाज एकदम चढतो, गाडी पुढे झेपावते, आणि चालक नंतर शपथेवर सांगतो की माझा पाय ब्रेकवरच होता. असे अपघात जगभर होतात, ऑटोमॅटिक गाड्यांत जास्त, आणि दोष गाडीचा की पायाचा हा वाद गेली चाळीस वर्षं सुरू आहे.

वाद जरूर घालावा, पण गाडीतून उतरल्यावर. आत बसलेल्या माणसाकडे कारण शोधायला वेळ नसतो. कारण कोणतंही असलं तरी चालेल अशी एकच कृती आधीपासून अंगात मुरलेली हवी. ती चार पायऱ्यांची आहे:

१. उजवा पाय पेडलवरून पूर्ण उचला.
२. ब्रेक एकदाच, अंगातला सगळा जोर लावून दाबा आणि दाबूनच ठेवा.
३. गिअर न्यूट्रलमध्ये टाका. मॅन्युअल असेल तर आधी क्लच दाबा.
४. गाडी थांबली की इंजिन बंद करा.

चारही पायऱ्या पाठ करायला मिनिटभर पुरे. पण नुसतं पाठ केलेलं घाबरल्यावर आठवत नाही, म्हणून प्रत्येक पायरी तशीच का आहे ते समजून घ्या आणि उभ्या गाडीत तिचा सराव करा.

पाय उचला

ही पायरी सांगायची हमखास राहून जाते. गाडी पळते आहे, आपण ब्रेक दाबतो आहोत अशी आपली शंभर टक्के खात्री आहे, आणि कोणीतरी म्हणतं पाय काढ! ऐकायला वेडेपणाच वाटतो. पण पाय चुकून ॲक्सिलरेटरवर असेल तर जितका जोर लावाल तितकी गाडी जास्त पळेल, आणि घाबरलेला माणूस जोर वाढवतच जातो.

हे कसं घडतं याचं चांगलं विवेचन अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी १९८९ साली केलं. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा: मेंदू आज्ञा बरोबरच देतो, 'ब्रेक' अशीच देतो. पण पायाची प्रत्यक्ष हालचाल दर वेळी तंतोतंत सारखी होत नाही, थोडी इकडेतिकडे होते. कधीतरी ती काही सेंटिमीटर उजवीकडे पडते आणि पाय भलत्याच पेडलवर टेकतो. आज्ञा ब्रेकचीच होती, त्यामुळे चूक झाली आहे हे मेंदूच्या गावीही नसतं. गाडी उसळते, चालक दचकतो, 'ब्रेक लागत नाहीये' असा अर्थ काढतो आणि आणखी जोरात दाबतो. हे काही सेकंद टिकू शकतं. म्हणूनच 'मी ब्रेकच दाबत होतो' म्हणणारा चालक खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं जाणवलेलं असतं. अशा माणसाची टर उडवणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

पाय उचलण्याने एक तपासणीही होते. उचलताच इंजिन शांत झालं, तर गडबड पायाची होती. आता पाय डावीकडे नेऊन ब्रेक दाबा. उचलूनही इंजिन किंचाळतच राहिलं, तर पेडल अडकलं आहे किंवा यंत्रात बिघाड आहे. तरीही पुढचं पाऊल तेच, ब्रेक. या सगळ्याला अर्धा सेकंद लागतो. खाली वाकून पेडल बघायला किंवा हाताने सोडवायला जाऊ नका. नजर रस्त्यावरून हटली की उरलेला ताबाही गेला.

ब्रेक: एकदाच आणि पूर्ण

नेहमीच्या प्रवासी गाडीचे ब्रेक तिच्या इंजिनापेक्षा ताकदवान असतात. इंजिन पूर्ण रेसवर असलं तरी चांगल्या स्थितीतले ब्रेक गाडी थांबवू शकतात. थांबायला अंतर जास्त लागतं एवढंच. अट ही, की ब्रेक सुरुवातीपासून पूर्ण दाबायला हवा.

घाबरलेले लोक नेमकं उलट करतात. थोडा दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. यातून दोन नुकसानं होतात. पहिलं: ब्रेक पेडल हलकं लागतं ते व्हॅक्यूम बूस्टरमुळे, म्हणजे निर्वाताच्या ओढीने पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यामुळे. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम इंजिनच तयार करतं, तोही थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेचा पडदा) बंद किंवा थोडा उघडा असताना. थ्रॉटल पूर्ण उघडा असला की नवा व्हॅक्यूम जवळजवळ तयार होतच नाही. बूस्टरमध्ये साठलेला असतो तेवढाच. दर वेळी पेडल सोडलं की त्यातला काही खर्च होतो, आणि दोन-तीन वेळा पंप केल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं. मग पायात कितीही जोर असला तरी पुरत नाही, आणि 'ब्रेक फेल झाले' असं वाटतं. डिझेल आणि इलेक्ट्रिक गाड्यांत व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो किंवा ब्रेकला विजेवर चालणारी मदत असते, त्यामुळे हा प्रश्न तितका नाही. तरी सवय एकच ठेवावी, आज ही गाडी तर उद्या ती. दुसरं नुकसान उष्णतेचं. इंजिन ओढत असताना ब्रेक अर्धवट दाबून बराच वेळ चालत राहिलं, तर पॅड आणि डिस्क लालबुंद तापतात आणि पकड सुटते.

कडक पेडल म्हणजे काय याचा अनुभव आधीच घेता येतो. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा. आता ब्रेक पाच-सहा वेळा दाबा. तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल आत जाईनासं होईल. ते तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा: पेडल पायाखाली बोटभर खचेल. खचलं तर बूस्टर ठीक आहे. अजिबात खचलं नाही तर मेकॅनिककडे जा. बूस्टरची तपासणी आणि व्हॅक्यूम संपल्यावरच्या पेडलची ओळख, दोन्ही एका फटक्यात होतात.

जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवली तर ती एबीएसची, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेची आहे. दचकून पाय काढू नका.

बऱ्याच नव्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले तर इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारी व्यवस्था असते. तिला ब्रेक ओव्हरराइड म्हणतात. तुमच्या गाडीत ती आहे का, हे मालकाच्या पुस्तिकेत बघा. असली तरी उत्तम, पण तिच्या भरवशावर पुढची पायरी गाळू नका.

न्यूट्रल

न्यूट्रलमध्ये टाकलं की इंजिन आणि चाकांचा संबंध तुटतो. इंजिन भयंकर ओरडेल, ओरडू द्या. आजच्या गाड्यांत इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी व्यवस्था असते. आणि समजा इंजिन खराब झालंच, तरी ती बदलता येणारी वस्तू आहे.

न्यूट्रल कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं, पण हाताला माहीत असतं का? जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिक लिव्हरमध्ये डी (पुढे जायचा गिअर) मधून एन (न्यूट्रल) मध्ये जायला सहसा बटण दाबावं लागत नाही; लिव्हर पुढे ढकलला की झालं. जोरात ढकलल्यावर तो रिव्हर्सच्या आधी अडतो, तो तसा अडावा म्हणूनच बनवलेला असतो. गोंधळ होतो तो नव्या इलेक्ट्रॉनिक निवडीत. कुठे गोल फिरवायची चकती, कुठे बटणांची रांग, कुठे स्टिअरिंगमागचा छोटा दांडा. यांपैकी काहींत एन लागायला दांडा किंवा बटण क्षणभर धरून ठेवावं लागतं. नुसतं टिचकी मारून भागत नाही. इलेक्ट्रिक गाडीला नेहमीसारखा गिअरबॉक्स नसला तरी एन असतोच, आणि तो मोटरची ताकद तोडतो.

घाईत पी (पार्किंगचा गिअर) लावायचा मोह टाळा. चालत्या गाडीत तो लागायचा नाही, किंवा खडखडाट करत लागायला बघेल. रिव्हर्सही नको.

इंजिन बंद करणं शेवटी का

कारण चालत्या गाडीत इंजिन बंद केलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत संपत जाते. म्हणून आधी थांबा, मग बंद करा. पण न्यूट्रल लागतच नसेल आणि ब्रेक पुरत नसेल, तर चालत्या गाडीतही इंजिन बंद करावंच लागतं.

किल्लीची गाडी असेल तर किल्ली एकच घर मागे फिरवा, ॲक्सेसरीच्या जागेवर. पूर्ण फिरवून बाहेर काढली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकतं. बटणाची गाडी असेल तर नेहमीसारखं एकदा दाबून काही होणार नाही. चालत्या गाडीत चुकून धक्का लागून इंजिन बंद पडू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. बहुतेक गाड्यांत बटण दोन-तीन सेकंद सलग दाबून धरावं लागतं, किंवा भराभर तीन वेळा दाबावं लागतं. नेमकं कसं ते कंपनीगणिक बदलतं. तुमच्या गाडीचं पुस्तिकेतून आजच बघून ठेवा.

हँडब्रेक शेवटचा आधार आहे. जुना दांड्याचा हँडब्रेक एकदम खेचला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते; टोकाचं बटण दाबून ठेवून हळूहळू ओढत जा. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक बहुतेक गाड्यांत सतत ओढून धरल्यास चालत्या गाडीलाही ब्रेक लावतो, आणि सोडला की थांबतो.

हे सगळं एका घटनेत एकत्र दिसतं. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोजवळ लेक्सस ईएस ३५० गाडी शंभर मैलांहून अधिक वेगाने धावत जाऊन कोसळली आणि आतले चौघे गेले. चालवणारा गृहस्थ हायवे पोलीस अधिकारी होता, म्हणजे गाडी चालवायला कच्चा अजिबात नव्हता. गाडी त्याची स्वतःची नव्हती. त्याची गाडी दुरुस्तीला दिली होती म्हणून डीलरने तात्पुरती दिलेली होती. तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती, तीही हुकाला न अडकवता, आणि तिच्यात ॲक्सिलरेटर अडकला. बटण तीन सेकंद धरल्याशिवाय इंजिन बंद होत नव्हतं. तपासात ब्रेक जळून गेलेले आढळले. त्याच गाडीच्या आधीच्या ग्राहकाने हीच तक्रार डीलरकडे केली होती, हे पुढे उघड झालं. अनोळखी गाडीत बसल्यावर मॅट, न्यूट्रल आणि बंद करायची रीत या तीन गोष्टी बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते अर्धं मिनिट मी कधीच वाचवणार नाही.

पार्किंगमध्ये ही कृती पुरत नाही

वरची कृती मोकळ्या रस्त्यावर उपयोगी पडते. पण पाय चुकल्याच्या घटना जास्त करून पार्किंगमध्ये, फाटकातून आत-बाहेर करताना, रांगेत सरकताना घडतात. तिथे हिशेब वेगळा आहे. समोर पाच मीटरवर भिंत आहे आणि गाडी जोरात उसळली, तर भिंतीपर्यंत पोचायला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात न्यूट्रल, बटण वगैरे होत नाही. तिथे आधीची सवयच वाचवते.

पहिली सवय बसण्याची. सीट अशी ठेवा की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवा आणि ॲक्सिलरेटर दाबताना टाच न उचलता पंजा उजवीकडे वळवा. पाय मोकळा सोडला की तो आपोआप ब्रेकसमोर यायला हवा. पाय लहान असल्यामुळे टाच टेकत नसेल तर सीट पुढे-वर करून बघा. ब्रेकसाठी पाय उचलावा लागतोच असा असेल, तर निदान तो दर वेळी ब्रेकच्या मधोमध पडतो की डाव्या-उजव्या कडेला, हे उभ्या गाडीत तपासा. गाडी डाव्या स्टिअरिंगची असो की उजव्या, ॲक्सिलरेटर कायम उजव्या टोकालाच असतो, त्यामुळे ही एक सवय सगळीकडे चालते.

दुसरी गोष्ट, अंग वळवण्याची. मागे घेताना आपण कंबरेतून वळून मागच्या काचेतून बघतो. कंबर वळली की मांडी सरकते आणि पाय आपल्या नकळत तिरका होतो. मग पुढे बघून ब्रेक दाबायला जावं तर पाय भलतीकडे पडतो. खिडकीतून हात काढून पार्किंगचं तिकीट घेताना, मागच्या सीटवरची पिशवी ओढताना, पट्टा काढताना हेच होतं. उपाय साधा आहे: अशा कुठल्याही हालचालीआधी ब्रेक पूर्ण दाबा, थांबा, पी लावा, मग वळा. आळस येतो खरा. पण रांगेत मागचा हॉर्न वाजवतोय म्हणून गिअर डी मध्ये ठेवून खिडकीबाहेर लोंबकळणं, याला मी तरी शुद्ध आगाऊपणा म्हणेन.

तिसरी, सरकण्याची. ऑटोमॅटिक गाडी डी किंवा आर (रिव्हर्स) मध्ये ब्रेक सोडला की स्वतःहून हळूहळू सरकते. सपाट पार्किंगमध्ये हे सरकणंच पुरतं. पाय ब्रेकवरून हलवायची गरजच नाही. पाय ॲक्सिलरेटरवर गेलाच नाही तर चुकायचा कुठून? चढावर किंवा उंचवट्यावर अडली तर थोडी रेस द्यावी लागते, आणि नेमका तिथेच धोका आहे: उंचवटा ओलांडला की गाडी एकदम सुटते, चालक दचकतो. तिथे रेस द्यायची ती थेंबाथेंबाने आणि लगेच परत ब्रेक.

एका पेडलवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांत ॲक्सिलरेटर सोडला की गाडी स्वतःच जोरात मंदावते, त्यामुळे दिवसभरात ब्रेककडे पाय फारसा जातच नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असताना काही गाड्यांत हे मंदावणं कमी होतं आणि गाडी 'सुटल्यासारखी' वाटते. शिवाय मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो आणि आवाज चढत नाही, म्हणजे चूक कानाने कळायची सोय नाही. नव्या माणसाने पहिले काही आठवडे ही सोय, जिथे बदलता येते तिथे, कमी करून ठेवावी आणि ब्रेक पायाने लावावा.

पायात काय घातलंय यावर फार लिहीत नाही. मागे पट्टा नसलेली सैल चप्पल आणि पसरट तळव्याचे बूट गाडी चालवायला वाईट. एवढं पुरे.

गाडीची तपासणी

महिन्यातून एकदा, इंजिन बंद ठेवून:

मॅट एकच असावी, त्याच मॉडेलची, आणि हुकात अडकलेली. जुन्या मॅटवर नवी टाकणं हा सगळ्यात सर्रास दिसणारा प्रकार, आणि सगळ्यात वाईटही. ॲक्सिलरेटर हाताने तळापर्यंत दाबा: तो मॅटच्या कडेला टेकता कामा नये. सोडला की झटकन वर यायला हवा. रेंगाळत आला, मध्ये अडखळला, कुरकुरला तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका. पेडलवरचं रबरी किंवा धातूचं आवरण हलतंय का तेही बघा; सजावटीची बाहेरून बसवलेली आवरणं काढून टाका. हे उगाच सांगत नाही. एप्रिल २०२४ मध्ये टेस्लाने ३,८७८ सायबरट्रक याच कारणासाठी परत बोलावले. पेडलवरचं आवरण बसवताना ते सहज सरकावं म्हणून साबण वापरला गेला होता. आवरण सरकून आतल्या अस्तरात अडकायचं आणि पेडल दाबलेलंच राहायचं.

पायाशी बाटली, छत्री, पर्स ठेवू नका. बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली की ब्रेक दाबलाच जात नाही. तो प्रकार वेगळा, पण परिणाम तोच.

केबलवर चालणारी जुनी गाडी असेल तर केबल गंजली आहे का आणि थ्रॉटल बॉडीत काजळी साचली आहे का, हे सर्व्हिसच्या वेळी आवर्जून बघायला सांगा. नव्या गाड्यांत केबल नसते. पेडलमध्ये सहसा दोन सेन्सर असतात, दोघांचे आकडे संगणक पडताळून बघतो, जुळले नाहीत तर दिवा लावतो आणि इंजिनाची ताकद मर्यादित करतो. हा दिवा लागलेला असताना 'चालतेय ना' म्हणत फिरू नका.

आणि कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी परत बोलावण्याची सूचना काढली आहे का, ते चेसिस नंबर टाकून बघा. जुनी गाडी विकत घेतली असेल तर नक्कीच, कारण सूचना आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलेली असते.

घाबरायचं कारण नाही असे प्रकार

नव्या चालकाला पुष्कळदा साधीच गोष्ट बिघाड वाटते. थंड इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ फेरे जास्त असतात, त्यामुळे गाडी नेहमीपेक्षा जोरात सरकते. एसीचा कंप्रेसर चालू होताना संगणक इंजिनाला किंचित रेस देतो. ब्रेक हलका दाबलेला असेल तर गाडी हलल्यासारखी वाटते. ॲडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत ठरलेला वेग आपोआप धरणारी सोय) चालू आहे हे विसरलात, पुढची गाडी वळून बाजूला गेली, की तुमची गाडी ठरवून दिलेल्या वेगाकडे स्वतःहून झेपावते. ब्रेकला पाय लागला की क्रूझ सुटतं. शेजारची बस मागे सरकते आणि आपणच पुढे जातोय असं वाटतं, हाही त्यातलाच प्रकार.

हे निरुपद्रवी आहे, पण पूर्ण नाही. अशा बारीक झटक्याने दचकूनच माणूस चुकीचं पेडल दाबतो.

एक अपवाद मात्र खरोखर भीतीदायक. डिझेल इंजिन कधी कधी स्वतःचंच ऑइल जाळू लागतं, बहुधा टर्बोचं सील गेल्यामुळे. मग किल्ली बंद करूनही ते थांबत नाही, फेरे चढतच जातात, मागून दाट धूर येतो. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन गुदमरून बंद पडू शकतं. ते जमलं नाही तर गाडी थांबवून सगळ्यांना उतरवा आणि लांब जा. बॉनेट उघडून डोकावू नका.

दोष कोणाचा

आता तो वाद. १९८६ साली अमेरिकेत ऑडी ५००० गाडी आपोआप पळते असे टीव्हीवरून आरोप झाले, विक्री कोसळली. तिथल्या वाहन सुरक्षा संस्थेने १९८९ मध्ये अहवाल दिला: मुख्य कारण चुकीचं पेडल. पण इंजिनातल्या लहान झटक्यांनी चालक दचकत असावेत, हेही त्यात मान्य केलं होतं. ब्रेक दाबल्याशिवाय पी मधून गिअर निघत नाही, ही आज सगळ्यांना नैसर्गिक वाटणारी सोय त्याच प्रकरणानंतर रूढ झाली.

टोयोटाचं (वरची लेक्सस याच कंपनीची) प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. मॅट आणि अडकणाऱ्या पेडलमुळे २००९-१० मध्ये लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष आहे का हे बघायला नासाचे अभियंते बसवले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी तसा पुरावा मिळाला नाही असं सांगितलं, मात्र पुरावा न मिळणं म्हणजे ते अशक्य आहे असं नव्हे, हेही नोंदवलं. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींवरची साक्ष ऐकून कंपनीविरुद्ध निकाल दिला. २०१४ मध्ये ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल कंपनीने १२० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं.

उलट बाजूला, टोकियोत २०१९ साली ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीने आई आणि लहान मुलीचा जीव घेतला. गाडी बिघडली होती हा त्याचा दावा न्यायालयाने फेटाळला. १ जुलै २०२४ रोजी दक्षिण कोरियातल्या सोल शहरात अशाच अपघातात ९ जण मेले. चालक म्हणाला ब्रेक लागलाच नाही; तपासात त्याच्या बुटाच्या तळव्यावर ॲक्सिलरेटरच्या पेडलची नक्षी उमटलेली सापडली. जपान सप्टेंबर २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक प्रवासी गाड्यांत, समोर अडथळा असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबला गेला तर गाडीला आवरणारी व्यवस्था सक्तीची करतो आहे.

माझं मत: बहुतेक वेळा पाय चुकतो, कधी कधी गाडी खरंच चुकते, आणि जिथे इतक्या लोकांचा पाय चुकतो तिथे ती रचनेचीही त्रुटी आहे. जपानने केलं तेच बाकीच्यांनीही करावं.

तुमच्या बाबतीत घडलंच तर

गाडी थांबली, कोणाला लागलं नाही असं धरू. पुन्हा सुरू करून 'बघू या परत होतंय का' असं करू नका. काही हलवण्याआधी मोबाइलने फोटो काढा: मॅट आणि पेडल जसे आहेत तसे, डॅशबोर्डवरचे दिवे, गिअरची जागा. मग जे आठवतं ते लगेच लिहून काढा किंवा रेकॉर्ड करा: वेग, एसी, क्रूझ, पाय कुठे होता असं वाटलं, ब्रेकचं पेडल मऊ होतं की कडक. हा शेवटचा तपशील मेकॅनिकला फार उपयोगी पडतो. दुसऱ्या दिवसापर्यंत आठवण स्वतःची गोष्ट रचायला लागते.

गाडी ओढून न्या. दुरुस्तीआधी संगणकातले फॉल्ट कोड पुसू नका असं लेखी सांगा आणि त्यांची प्रत मागा. अनेक गाड्यांत अपघाताची नोंद ठेवणारं उपकरण असतं. ते धडकेआधीच्या काही सेकंदांतला वेग, ब्रेक दाबला होता की नाही आणि ॲक्सिलरेटर किती टक्के होता, हे जपून ठेवतं. एअरबॅग उघडली नसेल तर ही नोंद पुढच्या घटनेने पुसली जाऊ शकते, म्हणून उशीर नको. तिची मर्यादाही ध्यानात असू द्या: ते पाय बघत नाही, सेन्सरने पाठवलेला आकडा बघतं. पायाचा खरा पुरावा हवा असेल तर पेडलवर रोखलेला छोटा कॅमेराच लागतो, आणि दक्षिण कोरियात लोक तो बसवून घेऊ लागले आहेत ते याचसाठी.

सर्व्हिस सेंटरने 'काही सापडलं नाही' असं सांगितलं तर काय काय तपासलं ते लिहून मागा. पेडल काढून बघितलं का, सेन्सरचे आकडे चालत्या इंजिनावर घेतले का, बूस्टर बघितला का, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरं गोलमोल आली तर गाडी दुसरीकडे दाखवा, आणि तुमच्या देशातल्या वाहन सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार नोंदवा. एकट्या तक्रारीने काही होत नाही असं वाटतं, पण एकाच मॉडेलच्या सारख्या तक्रारी जमल्या की चौकशी सुरू होते. तक्रारीत मॉडेल, वर्ष, चेसिस नंबर आणि किलोमीटर द्यायला विसरू नका. त्याशिवाय ती कोणाशी जुळवता येत नाही.